मर्वच्या गाडीतलं पाणी

नोएलीन पाश्केचा कशावरच विश्वास नाही. दुकानात दुधाची बाटली घेतली की ती माझ्यादेखत झाकण उघडून हुंगते. टिनाचा डबा घेतला की खालून, वरून, कडेकडेने फिरवून कुठे पोचा आलाय का ते बघते. हवामान खात्याने पाऊस नाही म्हटलं की ही दोरीवरचे कपडे काढते. दर मंगळवारी विमानाने येणारा डॉक्टर तिला गोळ्या देतो, त्या ती आधी नवऱ्याला देते आणि दोन दिवस त्याच्याकडे बघत बसते. टॅलो वेल या आमच्या आडवाटेच्या गावातला पेट्रोल पंप आणि त्याला लागून असलेलं दुकान मी चालवते, त्याला आता बरीच वर्षं झाली. एवढ्या वर्षांत माझ्या हातचा चहासुद्धा तिने न्याहाळल्याशिवाय तोंडाला लावलेला नाही. आणि मी तिची सगळ्यात जवळची मैत्रीण आहे.

तिचा नवरा मर्व अगदी उलट. उंच, हडकुळा, छातीपर्यंत दाढी आणि तोंडात सतत शीळ. शीळ घालणाऱ्या पुरुषांबद्दल माझं मत कधीच चांगलं नव्हतं. माणूस उगाच इतका खुशीत नसतो. मर्व बोअरचे पंप आणि पाणी ओढणाऱ्या पवनचक्क्या दुरुस्त करतो. गावाबाहेर पडलं की गुरांचे फार्म सुरू होतात. एका फार्मच्या फाटकातून निघून दुसऱ्याच्या फाटकाशी पोचेपर्यंत सकाळची दुपार होते. मोबाइल गावाच्या पाटीपर्यंत लागतो. त्यापुढे गाडी बंद पडली तर गाडीत जे असेल तेवढंच आपलं.

म्हणून नोएलीन मर्वची पिकअप भरते. पाण्याचे दोन मोठे ड्रम, तेही घरच्या टाकीचे, दर आठवड्याला धुऊन नव्याने भरलेले. टिनातले पीच, बीन्स, खारवलेलं मांस, बिस्किटं. रात्रीच्या थंडीसाठी लोकरीचं ब्लँकेट, सावलीसाठी ताडपत्री, फावडं, जादा फॅन बेल्ट, मेणात बुडवलेल्या काड्यापेट्या. वरून जाणाऱ्या विमानाला चमकवून दाखवायला एक आरसासुद्धा. मर्वला यातलं काहीच नको असायचं. घरी भरलं तर तो शेडमागे गाडी उभी करून सगळं गुपचूप कोंबड्यांच्या खुराड्यात उतरवायचा. ते उघडकीला आल्यावर नोएलीनने जागा बदलली. सोमवारी सकाळी मर्व डिझेल भरायला माझ्या पंपावर आला की ती आपल्या गाडीतून मागोमाग यायची आणि चार माणसांदेखत त्याची पिकअप भरायची.

"बाई, मी पंप दुरुस्त करायला निघालोय, चंद्रावर नाही," मर्व म्हणायचा.

"चंद्रावर गेलास तर निदान टीव्हीवर दिसशील. इथे कोण बघतंय तुला?"

"तुझ्या ड्रमांपुढे माझ्या हत्यारांना जागा उरत नाही."

"तुझ्या हत्यारांना तहान लागत नाही."

"अगं, जन्म गेला माझा या रस्त्यांवर. एकदा तरी पाणी लागलंय का मला?"

"ज्यांना लागलं आणि मिळालं नाही, ते येऊन सांगत नाहीत, मर्व. सरक तिकडे."

पंपावरचे ट्रकवाले हसायचे. गावातली जुनी माणसं मात्र हसत नसत, कारण त्यांना या भरण्यामागचं कारण माहीत होतं. नोएलीनला एक धाकटा भाऊ होता, रॉस. वीसेक वर्षांपूर्वी, जानेवारीत, म्हणजे आमच्याकडच्या भर उन्हाळ्यात, तो आईला डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी मोठ्या गावी घेऊन निघाला. आईची चाकांची खुर्ची मागे बसेना, म्हणून त्याने पाण्याचा ड्रम काढून व्हरांड्यात ठेवला. निम्म्या वाटेत फॅन बेल्ट तुटला. गाडीत एकच पाण्याची बाटली. इथल्या पोरांना चालायला लागायच्या आधी शिकवतात की बंद पडलेली गाडी सोडून जायचं नाही. गाडी लांबून दिसते, माणूस दिसत नाही. रॉस गाडी सोडून मदत आणायला गेला. जवळ एक बोअर आहे असं त्याला वाटलं होतं. ती कोरडी होती. दुसऱ्या दिवशी एका ट्रकवाल्याला आई गाडीत मेलेली सापडली, आणि रॉस पुष्कळ लांब एका झुडपाखाली, जिवंत.

"बाटली त्याच्याजवळ होती," नोएलीन एवढंच म्हणायची. दुसरं काही नाही. अंत्यविधीला तिने त्याला फाटकाच्या आत येऊ दिलं नाही. मग तो गाव सोडून गेला. कोणी म्हणालं खाणीत काम करतो, कोणी म्हणालं मेला. नोएलीनने चौकशी केली नाही. मी त्याला कधी पाहिलेलं नव्हतं, मी त्यानंतर या गावात आले. मला ठाऊक होती ती गाडी भरणारी नोएलीन.

तर गेल्या वर्षी, उन्हाळ्याच्या तोंडाशी, ती एका सकाळी दुकानात आली आणि पीचचे डबे काउंटरवर मांडायला लागली.

"मागच्या आठवड्यात नेलेस की," मी म्हटलं.

"गेले."

"मर्वने खाल्ले?"

"मर्व पीचला हात लावत नाही. त्याला त्यांची साल जिभेवर आल्यासारखी वाटते म्हणे. डब्यातल्या पीचला साल कुठे असते? पण नाही लावत हात." तिने डबा फिरवून बघितला. "विचारलं तर म्हणाला, डबा गळायला लागला, फेकून दिला. सगळे डबे एकदम कसे गळतील?"

"आणि पाणी?"

ती माझ्याकडे बघायला लागली. "तुला कसं कळलं पाण्याचं?"

मला काही कळलेलं नव्हतं. पण आता कळलं. पाण्याचे ड्रम भरलेले जात होते आणि रिकामे येत होते. रेडिएटरला लागलं, असं मर्व म्हणाला होता. नोएलीनने त्याच दिवशी गॅरेजवाल्याला गाठून रेडिएटर तपासून घेतला, ठणठणीत होता. आणि याहून विचित्र गोष्ट मी माझ्या पंपावर माझ्या डोळ्यांनी पाहत होते. मर्वचं नको नको म्हणणं वाढलं होतं. पूर्वी तो कुरकुरायचा, आता अगदी हातवारे करून ओरडायचा, "आणखी एक डबा ठेवलास तर मी इथेच उतरतो!" आणि ती चिडून दोन ठेवायची. मग तो शीळ घालत निघून जायचा. खरोखर चिडलेला माणूस शीळ घालत नाही. इथे कुठेतरी पाणी मुरत होतं.

"बाई असणार," मी म्हटलं. मला राहवलं नाही.

नोएलीनने डबा खाली ठेवला. ती लाल झाली नाही, रडली नाही. "मलाही तेच वाटतंय," म्हणाली. "बाईच निघाली तर मी तमाशा करणार नाही. त्याची बॅग त्याच पिकअपमध्ये भरीन आणि म्हणेन, जा. पण त्या गाडीत पाण्याचा थेंब ठेवणार नाही." तिचा आवाज इतका साधा होता की माझ्या अंगावर काटा आला. इतक्या वर्षांचा संसार होता, आणि ती खरंच तसं करणार होती.

तेव्हापासून आम्ही दोघी डोळ्यात तेल घालून बसलो. मर्व ताकास तूर लागू देत नव्हता, पण दुकान माझं होतं. तो शब्दकोड्यांचं पुस्तक घेऊन गेला. मर्व! ज्याने बिअरच्या बाटलीवरचं लेबल सोडून आयुष्यात काही वाचलं नाही. "शिकलेली आहे," मी नोएलीनला सांगितलं. मग त्याने दाढीची ब्लेडं नेली. छातीपर्यंत दाढी असलेल्या माणसाला ब्लेडं कशाला?

"बायकांनाही लागतात ब्लेडं," नोएलीन म्हणाली. "टापटीप राहणारी दिसते."

मग खोकल्याचं औषध. "आजारी आहे," मी म्हटलं.

"किंवा नाजूक. पुरुषांना नाजूक बाया आवडतात. माझ्या खोकल्याला त्याने कधी बाटली आणली?"

अशी ती बाई आम्ही दोघींनी काउंटरवर बसून जवळजवळ घडवलीच. शिकलेली, टापटीप, नाजूक, पीच आवडणारी. मी तिला नावसुद्धा ठेवलं, व्हॅलरी. नोएलीन ते नाव दातांमधून उच्चारायची.

पण तिला खरी झोंबली ती ब्लँकेटची गोष्ट. एका शुक्रवारी ती ब्लँकेट काखेत मारून आली आणि तिने ते माझ्यासमोर आपटलं.

"हुंग."

मी हुंगलं. साबणाचा वास येत होता.

"मर्वने जन्मात काही धुतलेलं नाही," ती म्हणाली. "आणि घडी बघ."

घडी खरंच बघण्यासारखी होती. चारी कडा आत दुमडलेल्या, मग तिहेरी, वाळूचा कण आत जायला जागा नाही. मी म्हटलं, "ही तर तुझी घडी आहे. तू अशीच घालतेस."

"माझी नाही! मी घातली होती ती धुताना मोडलीच ना. ही तिने घातलीय, माझ्यासारखी. कळलं का तुला? तो तिला शिकवतोय. माझ्या बायकोला संशय येता कामा नये, अशी घाल, तशी घाल. किती पोचलेली असेल ही बया!"

मला तो तर्क बिनतोड वाटला. आज मला तो आठवला की माझंच मला हसू येतं, पण तेव्हा मीही मान डोलवली.

पुढच्या सोमवारी मर्व डनस्टनांच्या फार्मवर जायचा होता. तो पंपावर आला, नोएलीनने गाडी भरली, नेहमीचं भांडण झालं. तो शीळ घालत नजरेआड झाला आणि नोएलीन माझ्याकडे वळली. "तुझी गाडी काढ. माझी तो ओळखतो."

मी दुकानाला कुलूप लावलं. ती तोवर माझ्या गाडीची डिकी उघडून उभी होती. आत एक जादा टायर आणि एक मोडकी छत्री होती.

"हे असं घेऊन तू कुठे जातेस?" तिने विचारलं.

"बँकेत."

"मी या गाडीत पाऊल टाकणार नाही."

"अगं, तो निघून जाईल!"

"जाऊ दे. त्याची धूळ कुठे पळून जातेय?"

आणि खरंच, नवऱ्याला रंगेहाथ पकडायला निघालेली ती बाई आधी घरी गेली, ड्रम आणले, धुतले, भरले, त्यातलं पाणी चाखलं, मला चाखायला लावलं, डबे रचले, ब्लँकेट ठेवलं, फॅन बेल्ट माझ्या गाडीला बसणारा आहे का ते बघितलं, आणि मगच पुढच्या सीटवर बसली. मी संतापाने धुमसत होते. पण धुळीबद्दल तिचं बरोबर होतं. आमच्याकडे कोणाचा चोरून पाठलाग करता येत नाही, आणि कोणाला चोरून कुठे जाताही येत नाही. मर्वच्या धुळीचा लांब पट्टा समोर आकाशात तरंगत होता. आम्ही त्याच्याकडे बघत जात राहिलो.

"त्याने मागे पाहिलं तर आपलीही धूळ दिसेल," मी म्हटलं.

"तो आरशात फक्त दाढी बघतो."

 मग डनस्टनांच्या फाट्याच्या पुष्कळ आधीच धूळ डावीकडे वळली. तिकडे एकही फार्म नाही. तिकडे बंद पडलेली रेल्वेलाइन आहे आणि लाइनीच्या कडेला गँगमन लोकांची पडकी घरं. नोएलीनने मांडीवरची पिशवी दोन्ही हातांनी घट्ट धरली. "वळव," म्हणाली. मी तिच्याकडे पाहिलं. एवढे महिने मला या प्रकरणात मजा वाटत होती, हे मला कबूल केलं पाहिजे. पण तिचा चेहरा बघून माझी मजा तिथेच संपली. मी मनात म्हणाले, देवा, बाई नसू दे.

एका घराला अजून छप्पर होतं आणि धुराड्यातून धूर निघत होता. दाराजवळ मर्वची पिकअप उभी होती. मर्व ड्रम उतरवत होता. आमची गाडी बघितली आणि त्याने तो हळूच जमिनीवर टेकवला. शीळ बंद झाली.

नोएलीन उतरली. "कुठे आहे ती?"

"कोण ती?"

"व्हॅलरी!" मीच ओरडले.

"कोण व्हॅलरी?" मर्वने इतक्या निखळ आश्चर्याने विचारलं की मला त्याचा रागच आला.

दार उघडलं. आतून एक माणूस बाहेर आला. काटकुळा, पांढऱ्या केसांचा, गालावर ब्लेडने कापल्याच्या दोन ताज्या खुणा. हातात शब्दकोड्यांचं पुस्तक, त्यात बोट घातलेलं. तो खोकत होता. त्याच्या मागे दारातल्या बाकावर एक ब्लँकेट ठेवलं होतं, कडा आत दुमडून, तिहेरी घडी घालून. तरी मी सवयीने खिडकीतून आत डोकावून घेतलं. दुसरं कोणी नव्हतं.

"नोली," तो म्हणाला.

या नावाने तिला हाक मारलेली मी कधी ऐकली नव्हती. नोएलीन त्याच्याकडे बघत नव्हती, ती ब्लँकेटकडे बघत होती. "आईची घडी," ती म्हणाली, अगदी हळू. मग मला कळलं हा कोण ते.

आधी सगळं मर्ववर आलं. "किती दिवस?" तिने विचारलं.

"मागच्या हिवाळ्यापासून. इथून जाताना धूर दिसला. बघतो तर हा. खायला काही नव्हतं धड. टाकी कोरडी."

"आणि तू माझे डबे याला आणून दिलेस. माझे डबे. याला."

"हो."

"माझ्यासमोर नको नको म्हणून ओरडत होतास!"

"मी 'भर' म्हटलं असतं तर तू 'का' विचारलं असतंस," मर्व म्हणाला. "मी 'नको' म्हटलं की तू दुप्पट भरतेस. एवढी वर्षं काढलीत तुझ्याबरोबर, नोएलीन. एवढं तरी शिकलो असेन ना?"

"मला सांगता येत नव्हतं?"

"सांगितलं असतं तर भरले असतेस?"

नोएलीनने तोंड उघडलं. तिला खोटं बोलता येत नाही, तो तिच्या संशयाचाच दुसरा भाग आहे. "नसते," ती म्हणाली.

"म्हणून," मर्व म्हणाला.

"मर्वला बोलू नकोस," रॉस मधे पडला. "मीच म्हटलं होतं, तिला कळू..." आणि त्याला खोकल्याची उबळ आली. ती थांबेना. तो चौकटीला धरून वाकला. बघणाऱ्याच्या छातीत दुखावं असा तो खोकला होता.

"हा किती दिवसांचा आहे?" नोएलीनने विचारलं. रॉसला नाही, मर्वला.

"महिना होत आला."

"आणि तू याला बाटलीतलं गोड औषध पाजतोयस? उद्या डॉक्टरचं विमान यायचंय, तिथे नेता येत नाही?"

"प्रत्येक आठवड्याला विनवतो मी. तो गाडीत बसत नाही."

"बसत नाही म्हणजे?"

"बसलो नाही," रॉस म्हणाला. "तेव्हापासून. सायकल होती, ती मोडली. मग चालत. लाइनीच्या कडेकडेने."

 माझ्या मनात संशय आला, असं कसं असेल, वीस वर्षं माणूस गाडीत बसला नाही? पण त्याने माझ्या गाडीकडे पाहिलं तेव्हा त्याची नजर मी बघितली, आणि माझा संशय फिटला. घाबरलेला माणूस मला ओळखता येतो.

नोएलीन त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. तिला विचारायचं होतं ते आम्हा दोघांना, मर्वला आणि मला, आधीच ठाऊक होतं.

"बाटली का नेलीस?"

रॉसने पुस्तक मिटलं. "तिने हातात दिली."

"आणि तू घेतलीस."

"घेतली."

एवढंच. त्याने पुढे काही जोडलं नाही. आपण किती दमलो होतो, आई काय म्हणाली, यातलं काहीच नाही. मी नोएलीनकडे पाहिलं. दुधाची बाटली उघडून हुंगणारी ही बाई, आणि हे मात्र तिला कुठेही नेऊन तपासून घेता येणार नव्हतं. साक्षीदार एकच, आणि ती गेलेली. मला तिची दया आली, त्याचीही आली. वीस वर्षं ती एका प्रश्नावर बसून होती, आणि त्याचं उत्तर चार शब्दांचं निघालं.

"बळेच दिली असेल," ती म्हणाली. "ती तसंच करायची. जेवणात दुसऱ्यांदा वाढून घेतलं नाही की पाठीत धपाटा घालायची." तिचे डोळे भरून आले होते आणि ते तिने पुसले नाहीत. "पण घ्यायला नको होतीस, रॉस."

"नको होती," तो म्हणाला.

मग ती माझ्या गाडीकडे गेली आणि डिकी उघडली. "इकडे ये."

तो जागचा हलला नाही.

"ये म्हणते ना! बसू नकोस, नुसतं बघ."

तो आला, पण गाडीपासून हातभर लांब थांबला. नोएलीनने पहिल्या ड्रमचं झाकण फिरवून काढलं. "हे बघ. काठोकाठ आहे. हात घाल."

"नोली..."

"हात घाल."

त्याने बोटं आत बुडवली. तिने दुसऱ्याचं झाकण काढलं, त्यातही बुडवायला लावली. मग ती एकेक वस्तू हातात घेऊन त्याला दाखवायला लागली, दुकानात मी गिऱ्हाइकाला दाखवते तशी. हे पीच. ही बिस्किटं. हा बेल्ट, याच गाडीचा आहे, मी लावून बघितलाय. हा आरसा. मर्व आपल्या पुढे असेल, त्याच्या गाडीत आणखी दोन ड्रम आहेत. मर्वने निमूटपणे उतरवलेला ड्रम परत पिकअपमध्ये चढवला. ती बोलत होती आणि रॉसची बोटं ओली होती, त्यांतून पाणी वाळूवर ठिबकत होतं.

"ही मी भरलीय," नोएलीन म्हणाली. "मी. दुसऱ्या कोणी नाही. बस."

मी मागचं दार उघडलं. तो आधी सीटवर नुसता हात ठेवून उभा राहिला. मग डोकं वाकवून आत शिरला आणि पाठ न टेकता, गुडघे जवळ घेऊन बसला. त्याला धाप लागली होती. पट्टा त्याने खांद्यावरून ओढला, पण अडकवायचा कुठे ते त्याला सापडेना.  नोएलीनने वाकून त्याच्या हातातून पट्टा घेतला आणि खटकन अडकवला. मग दोनदा ओढून बघितला.

"माफ केलेलं नाही मी तुला," ती तशीच वाकलेली असताना म्हणाली.

"माहीत आहे."

"हं. मागे टेकून बस."

त्याने पाठ टेकली. ती वळसा घालून दुसऱ्या बाजूने आली, त्याच्या शेजारी बसली, आणि मला म्हणाली, "चल."